मंदाकिनीचं दुखणं

डॉक्टरीणबाईंनी दिगंबररावांच्या ओटीपोटावर पट्टा बांधला, पाठीमागे बकल लावलं आणि बटण दाबलं. गर्भाशयातल्या गाठींचं ऑपरेशन नको म्हणणाऱ्या नवऱ्याने बायकोचं दुखणं आधी पाच मिनिटं स्वतःकडे घ्यायचं, असा आता नियमच होता.

"पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गाठी आपोआप विरतील, थोडं अंगावर काढ," असं ते मंदाकिनीला वर्षभर ऐकवत होते.

मिनिटभरातच त्यांनी टेबल गच्च धरलं. कपाळ घामाने डबडबलं. "मंदा, पट्टा काढ! माझा हात पोचत नाहीये!"

मंदाकिनीचं पोट कित्येक महिन्यांनी हलकं झालं होतं. तिचा हात बकलापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"अहो, चारच मिनिटं उरलीत," ती म्हणाली. "थोडं अंगावर काढा."