मागण्याआधीचा घोट

मुसल्लमनं कहव्याचा, कोऱ्या कडू कॉफीचा, कप रिकामा केला आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, की घात झाला.

काही मागायला आलेल्या पाहुण्यानं कहवा न पिता पुढ्यात ठेवायचा, ही वाळवंटी माळावरच्या तंबूवाल्यांची रीत. यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत कपाला ओठ लावायचा नाही. पाहुणा तसाच उठून गेला तर तंबूची अब्रू जाते, म्हणून यजमानाला द्यावंच लागतं. पण एकदा प्यायलं की तो नुसता पाहुणा. त्यानं मागू नये, आणि त्या घरावर हातही टाकू नये. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण राखीव रानाचा हा रक्षक सकाळपासून एका गाडीचा माग काढत उन्हात भाजला होता, आणि बखीत त्याचा सख्खा मामा. सवयीनं पिऊन गेला.

गाडीचा माग मामाच्याच तंबूशी संपला होता. बाहेर पिकअपमध्ये, ताडपत्रीखाली, ओरिक्स हरणाचं चार दिवसांचं पाडस पाय बांधून पडलं होतं. माळावर ही पांढरी हरणं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. संध्याकाळी कुणा बड्या असामीची माणसं येऊन पाडस नेणार होती. बदल्यात मामाच्या उंटिणींना वर्षभराचा चारा.

"मामा, ते पाडस..."

"प्यायलास ना?" बखीत शांतपणे म्हणाला. "मग आता गप्पा मार. वर्दी चढली आणि रीत विसरलास, लेका."

मुसल्लमचा हात कमरेच्या वायरलेसकडे गेला आणि मागे आला. ज्या घरचा कहवा पोटात, त्याच घरावर पोलीस आणायचे? त्याला स्वतःचीच चीड आली.

तेवढ्यात मधला पडदा सारून शम्सामामी आली. तिच्या हातात उंटिणीच्या दुधाचा वाडगा होता. सकाळपासून तिनं हेच दूध पाडसाला बोटानं चाटवून पाहिलं होतं. ते तोंड फिरवत होतं. समोर, राखीव रानाच्या कुंपणापलीकडच्या टेकाडावर त्याची आई उभी होती, ती काही केल्या हलत नव्हती.

मामीनं वाडगा भाच्यापुढं ठेवला.

"कहवा त्यांचा होता. तंबू मी विणलाय, आणि दूध माझ्या उंटिणीचं आहे. हे तू अजून प्यायला नाहीस."

बखीतनं बायकोकडं पाहिलं.

मुसल्लमनं वाडग्याला हात लावला नाही. "मामी, पाडस दे."

"दिलं. पी आता."

तो घटाघटा प्यायला. मामीनं स्वतः दोऱ्या सोडल्या आणि पाडस उचलून त्याच्या जीपमध्ये ठेवलं.

बखीत जीपपर्यंत आला. राखीव रानाला कुंपण पडलं तेव्हा बाभळीचा सगळा चारा आत राहिला होता आणि त्याच्या उंटिणी बाहेर. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या सात मेल्या.

"पाडसाला आई मिळेल, बरं झालं," तो म्हणाला. "चाऱ्यासाठी मी तुझ्या कचेरीत चारदा आलो, मुसल्लम. दिवस दिवस बसलो. कुणी घोटभर पाणीसुद्धा पुढं ठेवलं नाही. मग मी न पिता ठेवायचं तरी काय?"