कोठडीची पाहणी

हेमलताबाई निवृत्त परिचारिका. नागरिकांच्या दक्षता समितीतर्फे त्या दर महिन्याला पोलीस ठाण्याची कोठडी पाहायला जायच्या. त्या दिवशी आत भिवा नावाचा गवंडी होता. त्याचे तळपाय काळेनिळे सुजले होते.

“पळताना पडला,” निरीक्षक म्हणाले. पडून तळवे असे सुजत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. पण बाईंच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा याच निरीक्षकांनी जीप काढून त्याला दवाखान्यात पोचवलं होतं. बाईंनी वहीत ‘मारहाण आढळली नाही’ असं लिहून सही केली.

पाचव्या दिवशी कोठडी वाढवून घ्यायला पोलिसांनी भिवाला कोर्टात आणलं, तेव्हा बाई तिथे उभ्या राहिल्या. “मी खोटं लिहिलं, साहेब. त्याच्या तळपायांवर माराच्या खुणा मी पाहिल्या होत्या.” न्यायाधीशांनी भिवाला तिथूनच तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं.

बाहेर भिवाच्या बायकोने त्यांचे हात धरले. “ताई, तुमच्यामुळं वाचला.”

“मी येऊन गेल्यावर पुन्हा मारलं का त्याला?”

“तुम्ही गेल्या गेल्याच. ठाण्यातले साहेब म्हणाले, आता तर बाईंची सहीसुद्धा झाली.”