फेस न येणारं पाणी

चाचणीचा नियम एकच होता: ज्यानं संकेतस्थळाचं पान बनवलं, त्यानं दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. म्हणून ती दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून मागच्या खुर्चीवर बसली होती.

पुढे संगणकासमोर पाणीखात्याच्या तक्रारखिडकीवरच्या बाई. शेजारी त्यांचे साहेब, हातात घड्याळ. खात्याचे पाणी तपासल्याचे सगळे अहवाल शोधून देणारा हा सर्व्हर तिच्या बाबांनी लिहिला होता. कुणीही फुकट घ्यावा, उघडून दुरुस्त करावा, असा. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. पान फार किचकट आहे, ही कुरकुर मात्र जुनीच होती. आज बाईंना हवं ते सापडलं नाही, तर खातं हा सर्व्हर बंद करणार होतं.

चार महिने खपून तिनं पान लख्ख केलं होतं. मोठी अक्षरं, शोधायला एकच चौकट. बाबांचा सगळा पसारा काढून टाकला होता.

"साबणाला फेस येत नाही, अशी तक्रार आलीय," साहेब म्हणाले. "असं पाणी आपल्याकडे आणखी कुठं कुठं आहे, ते काढा. आणि घाबरू नका, कॉम्प्युटर चावत नाही."

"तो नाही हो चावत. तुमचं ते घड्याळ चावतंय."

बाईंनी एका बोटानं टाइप केलं: फेस येत नाही.

पान कोरं. खाली बारीक ओळ: काहीही सापडले नाही.

'दुष्फेन' टाका, 'दुष्फेन', ती मनातल्या मनात ओरडत होती. अहवालांवर फेस न येणाऱ्या पाण्याला तोच शब्द होता.

बाईंनी 'साबण' टाकलं. मग 'जड पाणी'. कोरं. पुन्हा कोरं.

"पूर्वी यायचं की," त्या पुटपुटल्या.

आणि तिच्या लक्षात आलं. प्रत्येक अहवालाखाली बाबांनी एक रकाना ठेवला होता: 'लोक काय म्हणतात'. जड पाणी, फेस न येणारं, केस राठ करणारं, भांड्याला पांढरं धरणारं. शेकडो ओळी. तिला तो पोरखेळ वाटला होता. एका दुपारी तिनं तो एका फटक्यात उडवला होता, आणि वर मोकळं मोकळं वाटलं होतं.

"दोन मिनिटं उरली," साहेब म्हणाले.

बाईंनी हात मांडीवर घेतले. "तुमचे बाबा मधूनच फोन करायचे मला," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मला वाटायचं, काही तरी चुकलंय माझं. तर नुसतं विचारायचे, बाई, यंदा लोक काय म्हणतायत? मी सांगायची, ते लिहून घ्यायचे. चांगला अर्धा अर्धा तास."

तिनं तळहात मांड्यांखाली आणखी दाबले. नियम होता.

"संपली वेळ." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "सापडलं नाही. मला तसंच लिहावं लागेल, ताई."

"लिहा," ती म्हणाली. मग खुर्ची ओढत ती पुढे सरकली.

"बाई, यंदा लोक काय म्हणतायत?"

उठायला निघालेल्या बाई पुन्हा टेकल्या. पर्समधून त्यांनी तक्रारींच्या चिठ्ठ्यांचा जाड गठ्ठा काढला, आणि बोटाला थुंकी लावून पहिली चिठ्ठी उलगडली.