आत्याबाईंना कळलं तेव्हा

"चार दिवस उलटले, तरी तू अजून बाहेरचीच?" आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताट लांबूनच सरकवलं. त्या काळी पाळीत सुनेला पडवीत वेगळं बसवत. कुणी शिवलंच, तर त्याला अंघोळ करावी लागे.

मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. दोन मुलींच्या पाठीवर तिसरं बाळंतपण मला झेपणार नव्हतं. म्हणून माहेरी गेले असताना दवाखान्यात जाऊन गुपचूप तांबी बसवून घेतली होती. सुरुवातीला अंगावरून जास्त जाईल, असं नर्सबाई म्हणाल्याच होत्या. आत्याबाई नातवासाठी दर मंगळवारी देवीला जायच्या. त्यांना कळलं, तर तांबी काढायलाच लावतील, या धास्तीत मी होते.

"तांबी बसवलीस ना?"

घास हातातच राहिला. "हो."

त्या अंगणाकडे बघत म्हणाल्या, "माझी निम्मी बाळंतपणं मला नको असताना झाली. देवीलासुद्धा सांगायची लाज वाटायची." मग नेहमीच्या ठसक्यात म्हणाल्या, "कुणी विचारलं तर उष्णता झालीय म्हण. आणि चेहरा असा चोरासारखा करू नकोस, लगेच पकडली जाशील."

मला रडू आवरेना. तेव्हा कडक सोवळ्याच्या आत्याबाई पडवीत आल्या, माझ्याजवळ टेकल्या आणि माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आता मला पुन्हा अंघोळ आलीच. तेव्हा घाई नको, नीट रडून घे."