मीठ भेटेपर्यंत

फ्रिजच्या दारातल्या दोन्ही बाटल्यांवरची नावे धुऊन गेली होती.

एका बाटलीत सुकलालांच्या डोळ्याचे औषध होते; त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. दुसरीत त्यांच्या मुलीचे, चेतनाचे, संशोधन होते. दुपारच्या गाडीने ते सुरतच्या प्रयोगशाळेत न्यायचे, म्हणून कोरीट गावच्या घरी तिने ते थंडाव्यात ठेवले होते. पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची, अशी रचना तिने साधली होती, की ती पाण्यात पाण्यासारखी राहत. मीठ भेटताच मात्र आपण होऊन एकमेकांना बिलगत, त्यांचे तंतू होत, तंतूंचे जाळे होई आणि द्रवाची घट्ट जेली बने. वाहती जखम बुजवण्यासाठी ते होते. परंतु अश्रूही खारेच असतात.

चेतनाची आई छबूबाई सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. तिखटाचा अंश औषधाला लागू नये, ही त्यांची दक्षता.

"मिरचीना हात व्हतात, म्हनीसन दोन्ही बाटल्या साबणघाई धोई टाक्यात," त्यांनी सांगितले.

मग हाती लागलेल्या बाटलीतले थेंब त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यात सोडले होते. चष्म्याशिवाय छबूबाईंना जवळचे धूसरच दिसे. थेंब पडताना हा माणूस जरासुद्धा हलत नाही, हे कौतुकही त्यांनी वर ऐकवले. शेतात नाग निघाला, तेव्हाही तो असाच उभा राहिला होता म्हणे.

चेतनाने वाटीभर पाण्यात मीठ विरघळवले. आईने दाखवलेल्या बाटलीतला एक थेंब त्यात सोडला. आपली रचना फसावी, असे तिला आयुष्यात प्रथमच वाटत होते.

थेंब विरला नाही. काचेच्या मण्यासारखा तळाशी जाऊन बसला.

ती ओसरीकडे धावली. सुकलाल काळा चष्मा लावून खाटेवर पडले होते. तिने त्यांचा चष्मा उतरवला.

डोळा स्वच्छ होता आणि तिच्याकडेच पाहत होता. त्याच्याखाली, गालाच्या घामेजल्या सुरकुतीत, जेलीची एक पारदर्शक चकती थरथरत होती.

सुकलालांनी तिचे मनगट धरले. एकवार स्वयंपाकघराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"तुन्ही मायले सांगू नको, पोरी. माले भ्याव वाटस. ती थेंब टाकस ना, मी डोया मिटी लेस."