प्रमिलाताईंचं इंग्रजी

"मॅडम, आपलं मिरची दळायचं यंत्र इथिओपियात तीन दिवसांपासून बंद पडलंय, आणि तुमची माहितीपुस्तिका तिथल्या मेकॅनिकला कळत नाहीये," सांगलीच्या कारखान्याचे मालक श्रीपाल चौगुले फोन पुढे करत म्हणाले.

प्रमिला आवटींना ते लागलं. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पुस्तिका हौसेनं लिहिली होती. एकेक वाक्य चार ओळींचं, भारदस्त! फोनवरच्या मेकॅनिक तेस्फायेनं त्यातलंच एक अडखळत वाचलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, झाकण आधी उघडू, की स्विच आधी बंद करू?"

प्रमिलाताईंना धोका दिसला. स्विच चालू ठेवून झाकण उघडल्यावर अडकलेली पाती अचानक फिरली असती, तर त्याची बोटंच गेली असती.

"थांब, कशालाही हात लावू नकोस," असं सांगून त्यांनी पुस्तिका मिटली आणि शाळकरी पोरालाही समजतील अशी सहा वाक्यं लिहून पाठवली. स्विच बंद करा. प्लग काढा. झाकण उघडा. अडकलेली मिरची काढा. झाकण लावा. मग यंत्र सुरू करा.

"इतकं साधं इंग्रजी? लोक काय म्हणतील?" चौगुले कुजबुजले.

अर्ध्या तासात फोन आला. मागे यंत्राची घरघर होती आणि मिरचीच्या खकाण्यानं कुणीतरी शिंकत होतं.

"मॅडम," तेस्फाये ओरडला, "आज तुमचं इंग्रजी फार छान होतं!"

प्रमिलाताई खुदकन हसल्या. तीस वर्षांत इतकी मनापासूनची दाद त्यांना कुणी दिली नव्हती. चौगुल्यांकडून कोरे कागद मागून घेऊन त्या पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसल्या.