मधल्या पायाखालचा डायोड

दादा गेला, तरी त्यानंच बनवलेल्या डोअरफोनमधून त्याचा आवाज यायचा. अगदी बारीक. शब्द कळायचे नाहीत.

"घरात घे म्हणत असतील," वहिनी म्हणाली. "मी कडी काढूनच ठेवते. भावजी, तेवढा आवाज वाढवा."

आतला रेग्युलेटर म्हणजे हट्टी गडी, पाच व्होल्ट म्हणजे पाचच. पण त्याच्या तीन पायांपैकी मधल्या पायाखाली डायोड सरकवला की थोडं जास्त देतो. दादानंच शिकवलेलं. गेलेल्या माणसालाही तेवढाच टेकू लागत असेल, असं मनात आलं. मी डायोड जोडला. आवाज जरा वर आला.

"अजून एक घाला की!"

दुसरा जोडला, तसा दादा स्वच्छ बोलला, "अगं, किती दिवस सांगतोय, कडी लाव! आलाय तो वर."

मघाशी मी लोटून घेतलेलं दार बोटभर आत आलं होतं.